मठातली फरशी, जळालेले कागद आणि १३८१ चं इंग्लंड

लंडनच्या थोडं वरती, वीसेक मैलांवर, सेंट ऑल्बन्स नावाचं गाव आहे. तिथे मोठा मठ होता आणि गावातली जमीन, बाजार, गिरणी सगळं त्या मठाच्या मालकीचं. गावकऱ्यांनी दळण आणायचं ते मठाच्याच गिरणीत आणि पिठाचा ठरावीक हिस्सा तिथेच ठेवून घरी जायचं, असा नियम. मग लोक काय करायचे, तर घरात जातं ठेवायचे आणि गुपचूप दळायचे. आता जात्याचा आवाज लपतो होय! १३३० च्या आसपास मठाधिपती रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड याने घराघरातली जाती जप्त केली, आणि जप्त करून कुठे कोपऱ्यात टाकली असती तरी एकवेळ ठीक, याने ते दगड मठातल्या बैठकीच्या खोलीत फरशी म्हणून बसवून टाकले. म्हणजे गावातला माणूस काही कामाने मठात गेला की आपल्याच आजीच्या जात्यावर पाय ठेवून आत जाणार. (हा वॉलिंगफर्ड तसा जबरदस्त डोक्याचा माणूस, त्या काळातलं सगळ्यात गुंतागुंतीचं खगोलीय घड्याळ त्याने डिझाईन केलेलं. असो.)

पन्नास वर्षांनी, जून १३८१ मध्ये, गावकरी मठात घुसले, ती फरशी उखडली, दगड फोडले आणि चर्चमध्ये पवित्र पावाचे तुकडे वाटतात तसे ते तुकडे आपापसात वाटून घरी नेले. हे लिहून ठेवलंय त्याच मठातल्या थॉमस वॉल्सिंगहॅम नावाच्या साधूने, आणि त्याला या लोकांचा एवढा राग होता की त्यांच्या बाजूने एक शब्द जास्तीचा लिहिणं त्याच्याकडून होणारच नाही, त्यामुळे मला तरी ही गोष्ट खरी वाटते.

युरोपातली शेतकऱ्यांची बंडं आणि सरंजामशाही कशी संपली हे कुणी विचारलं तर मी इथनंच सुरू करतो, कारण शाळेत आपल्याला हे सगळं चार ओळीत शिकवतात, प्लेग आला, मजूर कमी झाले, बंड झालं, सरंजामशाही संपली, दोन मार्क. आणि त्यात फरशी नसते. पन्नास वर्षं म्हणजे दोन पिढ्या, जात्याचं प्रकरण ज्यांच्यासमोर झालं त्यातले बहुतेक मेलेले, तरी नातवंडांना माहितीये की तो दगड कुणाचा. या सिस्टीममध्ये नेमकं काय टोचत होतं ते त्या फरशीत दिसतं.

आधी सिस्टीम समजून घेऊ. सरंजाम हा शब्द आपल्याकडे मराठेशाहीतला, लष्करी चाकरीच्या बदल्यात दिलेला मुलूख किंवा त्याचं उत्पन्न. युरोपातही वरच्या मजल्यावर साधारण तसंच, राजा सरदाराला जमीन देणार, सरदार लढाईला माणसं घेऊन येणार. पण शेतकऱ्याला त्या वरच्या मजल्याशी काही घेणं नव्हतं, त्याचं जग म्हणजे मॅनर, म्हणजे एका जमीनदाराची जहागीर, त्यात एखादं गाव किंवा गावाचा तुकडा. जमीनदार कधी सरदार, कधी बिशप, कधी अख्खा मठ. काही शेतकरी मोकळे असायचे, ते खंड भरायचे आणि विषय संपला. बाकीचे बांधलेले. त्यांना इंग्लंडमध्ये जे नाव होतं त्याचा उच्चार होतो व्हिलन. हो, आपल्या सिनेमातला व्हिलन तोच, मूळ अर्थ फक्त शेतावरचा माणूस, पुढे साहेब लोकांच्या तोंडी हलकट असा अर्थ झाला. शब्दसुद्धा कुणाच्या तोंडी राहतो त्याच्यावर असतं सगळं.

तर या व्हिलनला आठवड्यातले दोन-तीन दिवस जमीनदाराच्या खासगी शेतात फुकट राबायचं, सरळ वेठ, आणि सुगीत जास्तीचे दिवस, म्हणजे नेमकं स्वतःचं पीक उभं असताना. मुलीचं लग्न करायचं तर जमीनदाराला पैसे. मुलगा शिकायला किंवा गाव सोडून जाणार असेल तर परवानगी आणि पैसे. घरचा कर्ता मेला की गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर जमीनदाराचं, आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्या खालोखालचं चर्चचं. विचार करा, घरात मयत झालंय आणि दुसऱ्या दिवशी कारभारी गोठ्यात उभा राहून बैल बघतोय. वर चर्चचा दहावा हिस्सा वेगळा. आणि तक्रार करायची तर राजाच्या कोर्टात जाता येत नाही, कारण व्हिलनचा जमिनीचा वाद फक्त मॅनरच्या कोर्टात, आणि ते कोर्ट जमीनदाराचं.

एक सांगतो, हा गुलाम नव्हता. त्याला बाजारात उभं करून विकत नसत, त्याच्याकडे जमीन कसायला होती, ती पोराकडे जायची, गावाच्या रूढी जमीनदारालाही बऱ्यापैकी पाळाव्या लागायच्या. पण आपल्याकडच्या कुळासारखाही नव्हता, कारण कूळ म्हणजे जमिनीपुरता करार, आणि इथे माणूसच जन्माने बांधलेला. व्हिलनची मुलं व्हिलन.

आणि हे सगळं लिहिलेलं असायचं. मॅनरच्या कोर्टात कारकून बसायचा, कोण कुणाच्या जागी आला, कुणाला किती दंड, कुणाच्या पोरीच्या लग्नाचे किती पैसे, कोण व्हिलन आणि कोण मोकळा, सगळं लॅटिनमध्ये मेंढीच्या कातड्यावर लिहून गुंडाळी करून ठेवायचा. आपला सातबारा आणि जन्माचा दाखला आणि पोलिस स्टेशनची डायरी एकत्र शिवली तर जे होईल ते. मी पुढे कागद कागद म्हणेन पण खरं ते कातडं. शेतकऱ्याला वाचता येत नसायचं, पण आपण काय आहोत हे तिथे लिहिलंय एवढं पक्कं माहिती.

आता १३४८ चा उन्हाळा. दक्षिणेच्या किनाऱ्यावर मेलकोम नावाच्या बंदरात जहाजातून प्लेग उतरला आणि दीडेक वर्षात इंग्लंडमधली एक तृतीयांश ते निम्मी माणसं मेली. आकड्यावर इतिहासकारांची अजून भांडणं चालतात, पण हल्लीचा कल निम्म्याकडे आहे. आणि तो एकदा येऊन गेला नाही, १३६१ मध्ये परत आला, मग पुन्हा पुन्हा येत राहिला, म्हणून लोकसंख्या वर यायचं नावच घेईना.

जे उरले त्यांच्या लक्षात एक गोष्ट यायला फार वेळ लागला नाही. जमीन तेवढीच आहे, पीक उभं आहे, आणि कापायला माणूस नाही. शेजारच्या मॅनरचा कारभारी जास्त पैसे देतोय, वर दुपारचं जेवण, मग इथे फुकट कोण राबेल? रात्रीतनं गाव सोडून जाणारे वाढले, आणि पलीकडचा जमीनदार विचारायचाही नाही की बाबा तू कुणाचा व्हिलन, त्याला हात पाहिजेत. मोठ्या लोकांनी यावर जो उपाय काढला तो अगदी आजच्या कुठल्याही मालक संघटनेला शोभेल असा. १३४९ ला राजाचा हुकूम आणि १३५१ ला पार्लमेंटचा कायदा, मजुरी प्लेगच्या आधीच्या रेटवरच राहील. गवत वाळवायला दिवसाला १ पेनी, कापणीला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात २ पेन्स, दुसऱ्या आठवड्यापासून ३ पेन्स, सुताराच्या मिस्त्रीला ३. जास्त मागितले तर दंड, काम नाकारलं तर खोड्यात. पुढे १३६३ ला तर कुणी कुठलं कापड घालायचं याचाही कायदा केला, नांगरे आणि गाडीवाल्यांनी जाडंभरडंच घालावं, म्हणजे शेतमजूर बरे कपडे घालून फिरतोय हे बघवेना. तो कायदा पुढच्याच वर्षी गुंडाळला, पण मजुरीचा राहिला, आणि तो राबवायला बसवलेले न्यायाधीश म्हणजे बहुतेक तिथलेच जमीनदार. गंमत म्हणजे तेच जमीनदार चोरून जास्त मजुरी देत पण होते, कारण शेत तसंच सोडून कसं चालेल.

म्हणून सगळ्यात गरीब, उपाशी माणूस उठतो आणि बंड करतो हे चित्र इथे बसत नाही. १३८१ चा शेतकरी आपल्या आजोबापेक्षा बरा खात होता. त्याचं आयुष्य सुधारत होतं आणि कुणीतरी त्याची कॉलर पकडून मागे ओढत होतं, आणि हे जास्त डोक्यात जातं.

या लोकांनी आधी काय केलं माहितीये? कायद्याने लढून बघितलं. १३७७ च्या सुमाराला दक्षिण इंग्लंडमधल्या चाळीसेक गावांनी पैसे गोळा करून, वकील धरून, सरकारी दप्तरातून डूम्सडे बुकाचे उतारे काढले. डूम्सडे म्हणजे १०८६ साली केलेली देशाची मोजणी, तीनशे वर्षं जुनी. त्यांचं म्हणणं होतं की आमचं गाव त्या वेळी थेट राजाचं होतं असं त्यात निघालं तर आमच्यावर ही जास्तीची वेठ लादता येत नाही. म्हणजे ज्या गोष्टीने आपल्याला बांधलंय त्याच गोष्टीने सुटायचा प्रयत्न, जुना कागद काढून नवा कागद खोटा पाडायचा. आणि त्या जोरावर त्यांनी वेठीला जायचं बंद केलं. पार्लमेंटमध्ये जमीनदार घाबरले, अर्ज केला की हे आत्ताच दाबा नाहीतर फ्रान्ससारखं होईल. उतारे चालणार नाहीत असं ठरलं. मला ही पायरी फार महत्त्वाची वाटते, कारण चार वर्षांनी हेच लोक कागद जाळायला निघाले तेव्हा सगळे म्हणाले अडाणी आहेत, लिखाणाचा द्वेष करतात.

फ्रान्ससारखं म्हणजे काय, तर १३५८ चं जाकरी. तिथे इंग्लंडशी युद्ध चालू, राजा इंग्रजांच्या कैदेत, सैनिक गावं लुटतायत आणि आपले सरदार वाचवायला येत नाहीत, वर गढ्या दुरुस्त करायला शेतकऱ्यालाच राबवतायत. मे महिन्याच्या शेवटी पॅरिसच्या उत्तरेला भडका उडाला, सरदारांच्या गढ्या पेटल्या, आणि दोन आठवड्यांत संपलं. त्यांचा पुढारी गियोम काल याला नावारच्या राजाने बोलणी करू म्हणून बोलावलं आणि धरलं, मग सैन्याने पुढाऱ्याशिवाय राहिलेल्यांना कापून काढलं. बोलायला बोलावून दगा, हे लक्षात ठेवा.

तर इंग्लंडमध्ये ठिणगी पडली टॅक्समुळे. फ्रान्सबरोबरचं युद्ध संपेना, तिजोरी रिकामी, राजा रिचर्ड दुसरा पोरगेलेसा, सगळा कारभार त्याचा काका जॉन ऑफ गाँट आणि मंडळींच्या हातात. १३७७ ला माणशी ४ पेन्स डोईपट्टी लावली. १३७९ ला ऐपतीप्रमाणे लावली. आणि १३८० च्या शेवटी तिसऱ्यांदा, या वेळी पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकामागे १२ पेन्स, बायकामाणसं धरून. कायद्याच्या रेटने मजुरी मिळत असेल तर एका माणसाचे चार ते सहा दिवस गेले, आणि नवरा, बायको, मोठी मुलगी असेल तर गुणा तीन. त्यात नियम असा की गावाची बेरीज माणशी १२ च्या हिशोबाने झाली पाहिजे, श्रीमंतांनी गरिबाला सांभाळून घ्यावं. ऐकायला छान. पण ज्या गावात श्रीमंत कुणी नाहीच तिथे सांभाळणार कोण, तिथे विधवेलाही पुरे १२.

मग लोकांनी माणसंच गायब केली. १३७७ च्या यादीत साधारण साडेतेरा लाख माणसं होती, चार वर्षांनी नऊ लाख. एक तृतीयांश देश कागदावरनं उडाला! विधवा आई, बिनलग्नाची बहीण, घरातली मोलकरीण, या यादीत आल्याच नाहीत, आणि ही यादी करणारा गावचाच माणूस असल्याशिवाय हे शक्य नाही. सरकारने तपासायला अधिकारी पाठवले.

३० मे १३८१, एसेक्समधलं ब्रेंटवुड. जॉन बँप्टन नावाचा अधिकारी बसलाय, फॉबिंग गावची माणसं समोर, म्हणतात आम्ही भरलाय, पावती आहे, आता एक पेनी देणार नाही. त्याने पकडा म्हणून सांगितलं, बरोबर शिपाई दोनच, आणि समोर आजूबाजूच्या गावांतले शंभरावर लोक. बँप्टन पळाला. तिथनं आठवड्याभरात एसेक्स आणि नदीपलीकडचं केंट पेटलं. केंटवाल्यांनी रॉचेस्टरचा किल्ला घेतला, मेडस्टनच्या तुरुंगातनं जॉन बॉल नावाच्या पाद्रीला सोडवलं असं सांगतात, आणि वॉट टायलर त्यांचा पुढारी झाला. या टायलरबद्दल आपल्याला त्याच्या आयुष्यातले जेमतेम आठ-दहा दिवस माहिती आहेत, आधीचं जवळपास काहीच नाही.

जॉन बॉल मात्र वीसेक वर्षं गावोगाव फिरत होता. चर्चने त्याला बाहेर काढलेलं, मग तो चर्चच्या बाहेर, बाजारात बोलायचा. ब्लॅकहीथच्या माळावर त्याने जे प्रवचन केलं त्यातली एक ओळ सहाशे वर्षं टिकली, आदम जमीन खणत होता आणि ईव्ह सूत कातत होती तेव्हा साहेब कोण होता? एवढंच. बायबलमधनंच काढलेला प्रश्न, उत्तर द्यायची सोयच नाही.

या बंडात कोण होते ते बघितलं तर अजून एक गोष्ट दिसते. गावचे कारभारी, मॅनर कोर्टातले पंच, टॅक्स गोळा करून देणारे, कॉन्स्टेबल, म्हणजे गावात ज्याला चार लोक विचारतात असे. त्यांनीच वर्षानुवर्षं मॅनर चालवलं होतं. म्हणून तर त्यांना गुंडाळ्या कुठल्या पेटीत, पेटी कुठल्या खोलीत, किल्ली कुणाकडे हे सगळं तोंडपाठ. एसेक्स, केंट, हर्टफर्डशर, सफोक, नॉर्फोक, ठिकठिकाणी एकच प्रकार, गढीवर जायचं, कोर्टाचे रोल, म्हणजे त्या गुंडाळ्या, बाहेर मागायचे, आणि चौकात जाळायचे. केंब्रिजला तर युनिव्हर्सिटीचीच दप्तरं बाजारात पेटवली आणि मार्जरी स्टार नावाची एक म्हातारी राख वाऱ्यावर उधळत ओरडत होती म्हणे, शिकलेल्यांची विद्या गेली, जाऊदे! लंडनमध्ये टेंपल भागात वकिलांच्या खोल्या फोडून आधी कागद बाहेर काढले.

१३ जूनला, सणाच्या दिवशी, लोक लंडनमध्ये शिरले. पूल आणि वेस आतल्या लोकांनीच उघडून दिली. जॉन ऑफ गाँटचा साव्हॉय राजवाडा, देशातला सगळ्यात श्रीमंत वाडा (आज तिथे साव्हॉय हॉटेल आहे), तो पेटवला, पण लुटायचं नाही असा हुकूम, आम्ही चोर नाही, आणि एकाने चांदीचं काहीतरी लपवलं तर त्यालाच आगीत टाकला असं इतिवृत्तात आहे. दुसऱ्या दिवशी चौदा वर्षांचा राजा माइल एंडला त्यांना भेटला आणि सगळं कबूल केलं. वेठबिगारी बंद, जमिनीचा खंड एकरी ४ पेन्स, सगळ्यांना माफी. तीस कारकून बसवले आणि गावागावाच्या नावाने स्वातंत्र्याच्या सनदा लिहायला घेतल्या. बऱ्याच लोकांनी सनद घेतली आणि खूश होऊन घरी निघाले.

म्हणजे बघा, कागद जाळायला निघालेला माणूस शेवटी काय मागतो, तर कागद. राजाच्या शिक्क्याचा.

त्याच सकाळी दुसरा जमाव टॉवर ऑफ लंडन या राजाच्या किल्ल्यात घुसला आणि आर्चबिशप सायमन सडबरी, जो चान्सेलर म्हणजे राजाचा मुख्य मंत्रीही होता, आणि खजिनदार रॉबर्ट हेल्स यांना बाहेर काढून मुंडकी उडवली. सडबरीची कवटी अजून त्याच्या गावच्या चर्चमध्ये ठेवलेली आहे. आणि एक गोष्ट या बंडाचं कौतुक करणारे पटकन गाळतात, लंडनमध्ये फ्लेमिश लोकांना, म्हणजे बाहेरनं आलेल्या विणकर आणि व्यापाऱ्यांना, शोधून शोधून मारलं, एका चर्चमधनं पस्तीसएक जणांना ओढून आणून गळे कापले. ते काही जमीनदार नव्हते. दंगलीत जुने हिशोब कसे चुकते होतात हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

१५ जून, स्मिथफील्ड, जिथे गुरांचा बाजार भरायचा ते मैदान. टायलर घोड्यावरनं एकटा राजाकडे गेला, मागण्या वाढलेल्या, राजा सोडून कुणी मोठा नाही, चर्चची जमीन वाटून टाका, कुणी व्हिलन नको. त्याने राजाचा हात धरून हलवला, पाणी मागवून चूळ भरली, असे बारीक तपशील राहिलेत कारण दरबाऱ्यांना ते फार लागलं. मग बाचाबाची, लंडनचा महापौर विल्यम वॉलवर्थने त्याला भोसकलं, दुसऱ्याने पाडलं. बोलायला बोलावलं होतं, बरं का. मैदानापलीकडे हजारो तिरंदाज धनुष्य ताणतायत आणि हा चौदा वर्षांचा पोरगा घोडा पुढे काढून म्हणतो मीच तुमचा पुढारी, माझ्यामागे या. आणि ते गेले. या लोकांचा राजावर इतका विश्वास होता, त्यांच्या डोक्यात वाईट ते आजूबाजूचे, राजा चांगला, त्याला कुणी सांगत नसेल. त्यांचा सांकेतिक शब्दच होता, राजा रिचर्ड आणि खरी सामान्य जनता.

२ जुलैला चेम्सफर्डहून हुकूम निघाला, सगळ्या सनदा रद्द. त्याच्या थोडं आधीच एसेक्सचे लोक विचारायला गेले होते, तेव्हा राजाने सांगितलं, तुम्ही व्हिलन होता आणि व्हिलनच राहाल, आणि पूर्वीपेक्षा वाईट, हे शब्द वॉल्सिंगहॅमच्या लेखणीतले आहेत पण धोरण तेच होतं. जॉन बॉलला सेंट ऑल्बन्सलाच राजासमोर मारलं. फरशी उखडणाऱ्यांचा पुढारी विल्यम ग्रिंडकॉब, त्याला मधे जामिनावर सोडलेला, गावाला समजाव आणि सनदा परत दे म्हणून, तो गावात येऊन म्हणाला माझ्यासाठी परत देऊ नका. त्यालाही फाशी. गावकऱ्यांनी रात्री प्रेतं उतरवून पुरली तर राजाचा हुकूम आला की उकरून काढा आणि स्वतःच्या हाताने साखळ्या घालून परत टांगा. नोव्हेंबरमध्ये पार्लमेंटमध्ये विचारलं की वेठबिगारी कायद्याने बंद करायची का, सगळ्यांनी एका आवाजात नाही म्हटलं.

म्हणजे शंभर टक्के हरले. तरी सव्वाशे वर्षांनी, १५०० च्या सुमाराला, इंग्लंडमध्ये व्हिलन शोधावे लागत होते. कुठलाही कायदा झाला नव्हता. झालं असं की कागद जाळले तरी हातांची टंचाई तशीच होती, प्लेग येतच होता, आणि बंडानंतर जमीनदारांच्या मनात भीती बसलेली. वेठीला माणूस येत नाही, आला तर काम करत नाही, जास्त दाबलं तर रातोरात पळतो. मग एकेकाने हिशोब केला, खासगी शेती करायचीच कशाला, ती जमीनही खंडाने देऊन टाकू, वेठीऐवजी रोख घेऊ. कारकून रोलमध्ये व्हिलन लिहायचं हळूहळू सोडून देतो. १५४९ च्या नॉर्फोकमधल्या रॉबर्ट केटच्या बंडात मागण्यांच्या यादीत अजून एक कलम होतं की बांधलेल्या सगळ्यांना मोकळं करा, म्हणजे थोडे उरले होते, आणि १५७४ मध्ये राणी एलिझाबेथने शाही जमिनीवरच्या उरल्यासुरल्यांना पैसे घेऊन मोकळं करायला माणसं नेमली. इतकं गुपचूप संपलं की कुणी तारीख सांगू शकत नाही.

मग प्लेगने सरंजामशाही संपवली म्हणायचं का? मी पण आधी तेच धरून चाललो होतो, पण पोलंडचं काय करायचं? तिथेही माणसं कमी, जमीन जास्त, हातांची टंचाई, आणि झालं बरोबर उलटं. १४९६ ला शेतकऱ्याच्या गाव सोडण्यावर बंधनं आली, १५२० ला आठवड्याला किमान एक दिवस वेठ कायद्याने ठरली, आणि पुढे वाढत वाढत काही ठिकाणी पाच-सहा दिवसांपर्यंत गेली, कारण ग्दान्स्क बंदरातनं धान्य अॅमस्टरडॅमला जात होतं आणि त्यात सरदारांना सोनं दिसत होतं. रशियात शेतकऱ्याला मालक बदलायला १४९७ पासून वर्षातले दोनच आठवडे, सुगीनंतर नोव्हेंबरात, आणि १६४९ च्या कायद्याने तेही गेले. तिथे सुटका व्हायला १८६१ उजाडलं. म्हणजे मजूर दुर्मिळ झाला की त्याचा भाव वाढतो हे आपोआप होत नाही, मालक एकत्र येऊन त्याचे पाय बांधू शकले तर दुर्मिळ माणूस जास्त घट्ट बांधला जातो. इंग्लंडमध्येही १३५१ चा कायदा तोच प्रयत्न होता, फक्त तो फसला, कारण जमीनदार एकमेकांचेच मजूर पळवत होते आणि गावांना एकत्र राहून नाही म्हणायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती. पूर्वेकडची बरीच गावं नवीन वसवलेली, तिथे सरदार भारी आणि राजा ढिला. इतिहासकारांची यावर १९७० च्या दशकात मोठी जुंपली होती आणि पूर्ण मिटलेली नाही, पण मला हाच मुद्दा पटतो.

जर्मनीतलं १५२४–२५ चं युद्ध तर आकाराने या सगळ्यांपेक्षा मोठं. मार्च १५२५ मध्ये मेमिंगेन गावात बारा मागण्या ठरल्या, आमचा पाद्री आम्ही निवडणार, जंगलातलं लाकूड आणि नदीतले मासे सगळ्यांचे, माणूस मेल्यावर त्याच्या विधवेकडून वसुली बंद, आणि आम्हाला कुणाची मालमत्ता समजू नका. आता छापखाना आलेला होता, दोन महिन्यांत पंचवीसेक हजार प्रती निघाल्या. या वेळी कागद शेतकऱ्याच्या बाजूने धावत होता. पण मार्टिन ल्यूथर, ज्याच्या भरवशावर ते बायबलचे दाखले देत होते, तोच उलटला आणि यांना कापा म्हणाला, आणि १५ मेला फ्रँकनहाउझेनला तोफांपुढे हजारो मेले. एकूण सत्तर हजार ते एक लाख असा अंदाज देतात.

जिंकले ते कॅटलोनियात, म्हणजे आजच्या स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यात, आणि त्यांची गोष्ट कुणाला फारशी माहिती नसते. तिथले बांधलेले शेतकरी रेमेन्सा म्हणवत. १४४८ मध्ये त्यांनी राजाची परवानगी काढून गावोगाव सभा घेतल्या, प्रत्येक सभेला नोटरी, आणि दहा हजारांवर घरांची नावं लिहून काढली, वर्गणी जमवून राजाकडे केस लावायला. ते रजिस्टर अजून आहे. मग दोनदा हत्यारं उचलली, दुसऱ्या वेळचा पुढारी मारला गेला, पण राजालाही सरदार नको झालेच होते, म्हणून १४८६ मध्ये फर्डिनांडने निवाडा दिला, वाईट रूढी बंद, पैसे भरा आणि मोकळे व्हा. दंड पण बसला, फुकट काही मिळालं नाही. पण मिळालं ते लेखी, आणि तो कागद कुणी मागे घेतला नाही.

इंग्लंडच्या शेतकऱ्याकडेही शेवटी कागद आला. वेठ गेली, रोख खंड आला, तेव्हा जमीन कुणाच्या नावावर याची नोंद त्याच मॅनर कोर्टाच्या रोलमध्ये व्हायची, आणि त्या नोंदीची नक्कल शेतकऱ्याला मिळायची. नक्कल म्हणजे कॉपी, म्हणून या हक्काचं नावच पडलं कॉपीहोल्ड. ज्यांच्याकडे ती चांगली पक्की होती ते पुढे जमीनदार शेतजमिनीला कुंपण घालून तिथे मेंढ्या पाळायला लागले तेव्हा बरेच टिकले, ज्यांच्याकडे नव्हती किंवा मुदतीची होती त्यांची जमीन गेली, मोकळा माणूस पण हातात काही नाही. ज्या गुंडाळीवर आजोबाचं नाव व्हिलन म्हणून होतं तिचाच एक तुकडा नातू पेटीत, कपड्यांच्या खाली जपून ठेवायचा. ही कॉपीहोल्डची पद्धत इंग्लंडमध्ये कायद्याने बंद झाली ती १ जानेवारी १९२६ ला.